पाताळदमच्या डब्यावरचा माणूस

'पाताळदम' चूर्णाच्या त्या डब्यावर माझा फोटो आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर कुणीतरी आणून दाखवणारच, त्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. हिरवा डबा, सोनेरी झाकण, मधोमध मी. काखेत पाणबुड्याचं पितळी शिरस्त्राण, तेही दुसऱ्याचं. छाती पुढे, पोट आत, आणि खाली ठळक अक्षरांत: 'वय सत्तर, अजूनही पाताळात!' वय तेव्हा चौसष्ट होतं आणि शेवटची बुडी मारून नऊ वर्षं झाली होती. पण ते चूर्ण विकणारा काढेवाला म्हणाला, "मामा, सत्तर आकडा डब्यावर भारदस्त दिसतो." म्हटलं, होऊ दे सत्तर. लोक वय चोरतात, मी दान केलं.

आमचा धंदा बुडीचा. धरणाच्या भिंतीत पाणी आत ओढणारी तोंडं असतात, त्यांवर लोखंडी जाळ्या. त्या जाळ्यांत ओंडके, प्लास्टिक, मेलेली जनावरं अडकतात. एकदा अख्खं कपाट अडकलं होतं. आतले कपडे इस्त्रीच्या घडीत, कोरडे होते असं मी सांगतो. कपाटापुरतं खरं आहे. पाठीवर हवेची टाकी बांधून तीस मीटर खाली जायचं आणि अडकलेलं सोडवायचं. स्कूबा म्हटलं की लोकांना निळं पाणी आणि रंगीत मासे आठवतात. आमच्या पाण्यात स्वतःचा अंगठा दिसत नाही. टाकीत किती हवा उरली ते सांगणारं घड्याळ छातीशी लटकत असतं, पण डोळ्याला टेकवलं तरी त्यात काळोखच. म्हणून हवा मोजायचं काम वरच्या माणसाकडे.

वरचा माणूस म्हणजे दोरीवाला. गुडघे गेल्यावर मी दोरीवाला झालो. बुडीवाल्याच्या कमरेला दोरी, तिचं दुसरं टोक माझ्या मुठीत. एक ओढ म्हणजे बरं आहे. दोन म्हणजे ढील दे. तीन म्हणजे वर घे, आणि वरून आल्या तर वर ये. चार म्हणजे काही विचारू नकोस, ओढ. कुणाची हवा किती वेळ पुरते हे दोरीवाल्याला पाठ असावं लागतं. आमचा जाड्या वेल्डर सतरा मिनिटांत टाकी फस्त करायचा. माझा जावई बावीस मिनिटं. ना एकवीस, ना तेवीस. चार वर्षं मी त्याला अठराव्या मिनिटाला तीन ओढी देत आलो. मग तो सावकाश वर यायचा, सहा मीटरवर टांगलेल्या जादा टाकीपाशी थांबायचा, खालच्या दाबाने रक्तात शिरलेला वायू हळूहळू बाहेर पडू द्यायचा, आणि मगच डोकं वर काढायचा. माझ्या लेकीचा सगळा संसार त्या बावीस आकड्यावर टांगलेला होता.

जमिनीवर मी जावयाला अहो-जाहो करतो. दोरीवर अरे-तुरे. दोरीला मानपान कळत नाही.

आता चूर्णाचं. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी जेवणं झाली की माझी गोष्ट व्हायची. एकदा मी सांगितलं की तरुणपणी मी एका टाकीवर तीन तास खाली राहायचो, आणि एक म्हातारा मासा माझा कंदील तोंडात धरून शेजारी उभा राहायचा. त्या दिवशी काढेवाला कसलंसं तेल विकायला शेडमध्ये आला होता. तो म्हणाला, "तीन तास? मामा, खात काय होतात तुम्ही?" त्या वेळी मी गप्प बसलो असतो तर आज हे लिहायची पाळी आली नसती. पण गोष्टीला मध्येच उपाशी कसं ठेवणार? म्हटलं, "एक मुळी होती. डोंगरातली. वाटून, चमचाभर."

पंधरा दिवसांनी तो डबा घेऊन हजर. "वासावरून सांगा मामा, हीच ना?" मी हुंगलं. ओल्या पोत्याचा वास. डोळे मिटून म्हटलं, "अगदी हीच."

फोटोच्या बदल्यात त्याने मला बारा डबे दिले. मी एकही जिभेला लावला नाही. कडू मला लहानपणापासून चालत नाही. तापाची गोळीसुद्धा मी केळ्यात लपवून घेतो. डबे मी वाटून टाकले. अकरा शेडमध्ये गेले. बारावा मी जावयाच्या हातात दिला, लेकीच्या देखत, तिच्याच स्वयंपाकघरात.

त्यांना जुळ्या मुली झाल्या होत्या, चार महिन्यांच्या. दोघींनी रडण्याच्या पाळ्या लावून घेतल्या होत्या. जावई होडीत बसल्या बसल्या पेंगायचा. मला वाईट वाटलं. "घ्या जावईबापू," मी म्हटलं, "सासऱ्याकडून एवढंच मिळणार तुम्हाला."

लेक म्हणाली, "बाबा, यात आहे काय?"

"सोळा वनस्पती. डब्यावर लिहिलंय की. झाडपाल्याने कुणाचं वाईट झालंय?"

पहिला महिना घरात आनंदीआनंद. जावई पहाटे उठायचा, मुलींना खांद्यावर घेऊन फिरायचा, भांडी घासायचा. लेक मला फोनवर म्हणाली, "बाबा, नवरा बदलून दिलात की काय?" मी फुगलो. दुसऱ्या महिन्यात त्याचे हात गाठ मारताना थरथरायला लागले. हिवाळ्यात घाम यायचा. होडीतून सारखा उठून कठड्यापाशी जायचा. मी म्हणायचो, "अहो, धरणात पाणी कमी आहे म्हणून तुम्ही भर घालताय का?" सगळे हसायचे. तोही हसायचा.

टाक्यांत हवा भरणारी बाई मात्र हसली नाही. ती कंप्रेसरवर बसते, कमी बोलते. एक दिवस म्हणाली, "मामा, तुमच्या जावयाची टाकी हल्ली खडखडीत रिकामी येते. आधी थोडी उरायची."

"तुझा काटा बिघडला असेल."

"बाकीच्यांच्या टाक्यांना तोच काटा लावते."

मी तिला कपाटाची गोष्ट सांगितली. ती ऐकत ऐकत टाकी भरत राहिली. बावीस म्हणजे बावीस. चार वर्षांचा आकडा मी एका काट्यासाठी बदलणार होतो होय?

तो सोमवार होता. बारा वाजता पाणी सोडायचं होतं आणि मधल्या जाळीत ओंडका आडवा बसला होता. सकाळपासून जावयाच्या दोन बुड्या झाल्या होत्या. आमच्याकडे दिवसाला दोन हा नियम. तिसरीला इंजिनियरची चिठ्ठी लागते. चिठ्ठी आली. दुसरा बुडीवाला सर्दीने घरी होता, वेल्डर दुपारच्या पाळीला येणार होता. जावई होडीच्या काठावर बसून डब्यातलं चूर्ण पाण्याच्या बाटलीत हलवत होता. चेहरा लाल, बुबुळं मोठी, गुडघा शिवणयंत्रासारखा हलत होता.

"उद्या सकाळी करू की," मी म्हटलं. "ओंडका काही पळून जात नाही."

"दम आहे मामा अंगात. आणि तुम्ही तर दिवसाला सहा मारायचात ना?"

बघा. माझ्या हातात होतं. 'नाही हो, थापा मारतो मी,' एवढं म्हणायचं होतं. पण शेजारी हवा भरणारी बाई होती, होडी चालवणारा होता, आणि जीभ माझी होती.

"सहा काय," मी म्हटलं, "एकदा सात मारल्यात."

तो हसला, मुखवटा डोळ्यांवर ओढला आणि गेला.

मी घड्याळ लावलं. दोरी सरकत गेली, तीस मीटरच्या खुणेवर थांबली. एक ओढ: बरं आहे. बुडबुडे वर येत होते. बुडीवाल्याचे बुडबुडे एका लयीत येतात, फुगा, थांबा, फुगा. त्या दिवशी मध्ये थांबाच नव्हता. पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. मला ते दिसलं. मी मनाशी म्हटलं, ओंडका जड असेल.

चौदाव्या मिनिटाला माझ्या मुठीत चार ओढी आल्या.

चार ओढी मी आयुष्यात दोनदा पाहिल्यात. पहिल्या वेळी वर प्रेत आलं होतं. ती गोष्ट मी कुणाला सांगत नाही. मी ओरडलो, बाई धावली, आणि आम्ही दोघं पाय कठड्याला लावून ओढायला लागलो. सहा मीटरवर जादा टाकी होती, तिथे त्याला थांबवायला हवं होतं. पण चार ओढींना थांबा नसतो. थांबवलं आणि तो तोंड उघडून पाणी पीत असला तर? मी ओढत राहिलो. तो बुचासारखा वर आला, तोंडातून श्वासाची नळी सुटलेली, ओठ जांभळे. होडीत घेतल्यावर त्याने खोकून पाणी काढलं, हवेचे मोठमोठे घास घेतले, आणि चक्क हसला.

"संपली," म्हणाला. "मामा, अचानक संपली. चौदाच मिनिटं झाली ना? टाकी गळकी होती का?"

बाईने टाकी तपासली. व्हॉल्व्ह घट्ट, नळी शाबूत. ती माझ्याकडे बघत राहिली.

दहा मिनिटांनी, होडी काठाला लागताना, तो म्हणाला, "मामा, पाय झोपलेत माझे."

"घट्ट सूट घालून बसल्यावर झोपणारच."

"दोन्ही. कमरेपासून."

दाबाखालून माणूस असा एकदम वर आला की रक्तात बुडबुडे होतात, झाकण काढलेल्या सोड्याच्या बाटलीसारखे. ते पाठीच्या मणक्यात अडकले की पाय जातात. कधी परत येतात, कधी नाही. त्याला नाकातोंडावर ऑक्सिजन लावून गाडीत आडवं केलं. शहरातल्या इस्पितळात दाबाची टाकी आहे, चाळीस मिनिटांच्या वाटेवर. वाटेत मी त्याच्या पायाचा अंगठा चिमटीत धरून बसलो होतो. मी जोरात दाबत होतो. तो गाडीच्या छताकडे बघत होता.

"दाबा ना मामा," तो म्हणाला. "कधी दाबणार?"

मी म्हटलं, "दाबतो, दाबतो."

दाबाची टाकी म्हणजे पांढऱ्या पोलादाचं मोठं पिंप, माणूस आडवा मावेल एवढं, आणि आतच शेजारी एका नर्सला बसता येईल एवढी जागा; नर्स त्याच्याबरोबर आत होती. बाजूला ताटाएवढी जाड काच. बोलायला भिंतीवर एक डबी, तिची कळ दाबायची. आत दाब वाढवतात, म्हणजे माणूस पुन्हा खोल पाण्यात गेल्यासारखा होतो, बुडबुडे आवळतात, आणि मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन देतात. डॉक्टरबाई बारीक, चष्मा कपाळावर, वाक्यं तोकडी. पहिली पंचवीस मिनिटं त्या नुसते काटे बघत होत्या. मग त्यांनी कळ दाबून आतल्या नर्सला विचारलं, "नाडी?"

"एकशे छत्तीस."

"आडवा आहे. ऑक्सिजनवर. एकशे छत्तीस?" त्यांनी पुन्हा कळ दाबली. "आज काय घेतलं होतं? कॉफी? गोळी? चूर्ण?"

डबीतून जावयाचा आवाज आला, "काही नाही."

मी तिथेच उभा होतो, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. मीही बोललो नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तोंड उघडलं की डबा बाहेर येणार होता, डब्याबरोबर मी.

तेवढ्यात लेक आली. मुली शेजारणीकडे टाकून, एका पायात घरातली चप्पल आणि दुसऱ्यात बाहेरची. तिने काचेतून नवऱ्याला पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवीतून हिरवा डबा काढून डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवला. "फोन आला तेव्हा फळीवर हाच दिसला," ती म्हणाली. "दोन महिने घेतायत. एक चमचा म्हणतात. डबा मात्र आठ दिवसांत संपतो, की नवा विकत आणतात."

डॉक्टरबाईंनी चष्मा खाली घेतला. डब्यावरचा फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. बारीक अक्षरं वाचली.

"यातल्या दोन गोष्टी हृदयाला चाबूक मारतात," त्या म्हणाल्या. "दमणूक कळू देत नाहीत. श्वास वाढवतात, अंगातलं पाणी काढतात. किती आहेत, लिहिलेलं नाही. बाकीच्या चौदांचं मला माहीत नाही. हे बनवणाऱ्यालाही नसेल."

"आता?" लेकीने विचारलं.

"एक चमचा असेल तर ऑक्सिजन चालू ठेवते. पाय वाचवायचे तर तोच हवा. पाच-सहा चमचे असतील तर या दाबाखाली या ऑक्सिजनने झटके येऊ शकतात. मास्कमध्ये उलटी झाली, श्वासात गेली, तर पायांचा प्रश्नच राहणार नाही." त्यांनी घड्याळ पाहिलं. "गालाचा स्नायू उडतोय असं नर्स सांगते. घाबरल्यामुळेही उडतो. उगाच मास्क काढला आणि पाय गेले, तर ते मी घालवलेले असतील. मला आकडा हवाय. त्याच्याकडून. लवकर."

लेकीने कळ दाबली. "अहो, किती चमचे घेतलेत?"

"एकच गं."

"खरं सांगा."

"एकच म्हटलं ना. मुली कुणाकडे आहेत?"

लेक रडायला लागली, तसा मी कळीवर अंगठा ठेवला.

"जावईबापू, मी बोलतोय. किती चमचे?"

"मामा, तुम्ही पण? त्या बाई कागदावर लिहून घेतायत. चूर्णाचं नाव त्या कागदावर गेलं की माझा तपासणीचा दाखला गेला. दाखला गेला की बुडी गेली. मला दुसरं काय येतं?"

"पाय जातील तुमचे!"

"पायांना काय होतंय चूर्णाने? तुम्ही आयुष्यभर खाल्लंत. तुमचे पाय आहेत की."

डॉक्टरबाईंनी माझ्या खांद्यावर टकटक केलं आणि घड्याळ दाखवलं. काचेतून मला त्याचा गाल दिसत होता. मास्कच्या कडेला, डोळ्याखाली, कातडी आपोआप उडत होती, पाण्याच्या पृष्ठभागाला खालून मासा टोचावा तशी.

"मी खाल्लं नाही," मी म्हटलं.

"काय?"

"मी ते चूर्ण कधी खाल्लंच नाही. आयुष्यात नाही. मुळी नव्हती, डोंगर नव्हता, तीन तास नव्हते. सगळी थाप आहे."

डबीतून खरखर आली. तो हसत होता. पाय मेलेला, गाल उडणारा माणूस पोलादी पिंपात पडून खुसखुसत होता.

"वा मामा! आज नवीन काढलीत. फोटो मग कुणाचा, जुळ्या भावाचा?"

"गळ्याची शपथ घेतो!"

"तो मासा कंदील धरायचा, तीसुद्धा गळ्याचीच शपथ होती."

"अरे मूर्खा, मरशील तू!" मी ओरडलो. जमिनीवर उभा राहून त्याला पहिल्यांदाच अरे म्हणालो. "मी खोटारडा आहे रे! तुझी बायको इथे आहे, विचार तिला, तिचा बाप खोटारडा आहे की नाही!"

"ते सगळ्यांना माहीतच आहे," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून तर हे पण खोटं."

कळ सोडून मी वळलो. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. चाळीस वर्षांत गोळा केलेला एकही खरा शब्द नव्हता, जो मी त्या काचेवर लावून म्हणू शकलो असतो, हा बघ. लेक भिंतीला टेकून उभी होती. टेबलावर नर्सचा जेवणाचा डबा उघडा होता, त्यात चमचा. तो मी उचलला. हिरव्या डब्याचं झाकण उडवलं, शिगोशिग चमचा भरला, काचेपाशी जाऊन कळ दाबून धरली आणि त्याच्या डोळ्यांत डोळे घालून सगळा चमचा कोरडाच तोंडात कोंबला.

आधी काही झालं नाही. मग तोंडात कुणीतरी सिमेंट ओतल्यासारखं झालं. चूर्ण थुंकीत भिजून फुगलं, टाळूला चिकटलं, घशात गेलं. मी श्वास घेतला तशी हिरवी धूळ नाकातून बाहेर आली. कडू म्हणजे किती कडू, माझ्या सगळ्या थापा एकत्र वाटल्या तरी इतक्या कडू झाल्या नसत्या. मी खोकलो. काचेवर हिरवा फेस उडाला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, लेक पाठीत बुक्क्या मारतेय, आणि तेवढ्यात माझी जीभ नाहीशी झाली. तोंडात होती, पण माझी नव्हती. मी घाबरून बोंबललो, "जी... माझी जी... गेली! जीप गेली!"

आतून कुणी हसलं नाही.

मी बाहीने काच पुसली. जावयाने मान वळवली होती. तो मास्कवरून माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांतलं हसू एकेक करून विझत होतं.

"मामा," डबीतून आवाज आला, अगदी लहान. "ते पाण्यात घालून घ्यायचं असतं."

मी मान हलवली. मला काय ठाऊक?

"आणि जीभ सगळ्यांचीच बधिर होते. पाच मिनिटं. पहिल्याच दिवशी कळतं ते. तुम्ही खरंच कधीच..."

मी मान हलवली. नाही. नाही.

त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "सहा. दोन घरून निघताना. दोन दुसऱ्या बुडीआधी. दोन आता, तिसरीच्या आधी, होडीत."

"मास्क काढा," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही, पण नर्सचा हात मास्कवर पोहोचायच्या आत जावयाचा डावा दंड उडाला. मग खांदा. मग हनुवटी. नर्सने मास्क ओढून काढला आणि त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. लेक काचेला चिकटली. मीही चिकटलो असतो, पण माझे स्वतःचेच हात हलत होते आणि छातीत कुणीतरी आतून दार ठोकत होतं. डॉक्टरबाई काट्यांकडे बघत आकडे म्हणत होत्या. दहा. वीस. तीस. चाळिसाला हनुवटी थांबली. साठाला खांदा. दंड सगळ्यात शेवटी थांबला, उगाच दोनदा उडून.

"झटका पुरा आला नाही," त्या म्हणाल्या. "आता लांबचा रस्ता. साध्या हवेवर, हळूहळू. खूप तास. ऑक्सिजन नंतर, कमी दाबावर, थोडा थोडा. पायांचं आज विचारू नका."

मग त्यांनी मला बाकावर बसवून माझी नाडी धरली, आणि म्हणाल्या: "तुम्ही इथून हलायचं नाही, आजोबा."

लेकीने माझ्या खिशातून फोन काढून घेतला. "अकरा डबे कुणाकुणाला दिलेत?" मी नावं सांगितली, बोबडी. ती दारात उभी राहून एकेकाला फोन लावत गेली. मी असतो तर प्रत्येकाने विचारलं असतं, मामा, पुढे काय झालं? तिला कुणी विचारलं नाही. ती म्हणत होती, "गटारात ओता. नाही, कुणाला देऊ नका. ओता." वेल्डरशी बोलताना तिचा आवाज फुटला. तो त्या वेळी बुडीचा सूट चढवत होता.

दुपारभर मी काचेजवळच्या बाकावर होतो. जीभ परत आली, छातीतलं ठोकणं थोडं उतरलं. एका वेळी डबी खरखरली.

"मामा, आहात?"

"आहे."

"एका टाकीवर तुमची हवा खरी किती पुरायची?"

"एकोणीस मिनिटं."

"माझ्यापेक्षा कमी?"

"तीन मिनिटांनी."

"आणि बुड्या? दिवसाला?"

"एक. कधीमधी दुसरी. दुसरी मारली की दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठायचो नाही. तुमची सासू रजेचा अर्ज लिहायची."

डबी पुन्हा खरखरली.

"मी चार वर्षं दोन मारतोय," तो म्हणाला. "आणि दर रात्री झोपताना वाटायचं, आपण कुठेतरी कमी पडतोय. मामा सहा मारायचे, आपण दोनात दमतो. मुलींना बाप मिळाला तोही अर्धाच. तुम्ही एकदा जरी सांगितलं असतंत."

मी काचेवर उरलेला हिरवा डाग नखाने खरवडत बसलो.

लेक येऊन माझ्या शेजारी बसली. तिने कळीवर स्वतःचा अंगठा ठेवला आणि मला कोपर मारलं. "बोला," ती म्हणाली. "गप्प बसलात की ते छताकडे बघत पडतात. पण खरं तेवढंच बोला."

मी बोलायला लागलो. फार कठीण गेलं. खरी गोष्ट लगेच संपते. मला पहिल्या बुडीत उलटी झाली होती, ती सांगितली. अंधाराची भीती वाटायची, म्हणून खाली गेल्यावर डोळे मिटून काम करायचो, ते सांगितलं. पहिल्या चार ओढींची गोष्ट सांगितली, कोण होता तो, कसा वर आला, आणि दोरी माझ्या हातात नव्हती पण घड्याळ माझ्याकडे होतं, हेही. लेकीने ती कधी ऐकली नव्हती. तिने अंगठा कळीवरून काढला नाही.

दर अर्ध्या तासाने नर्स एक टाचणी घेऊन त्याच्या तळव्याला टोचायची. आम्हाला काचेतून दिसायचं. "लागतंय?" ती विचारायची.

"नाही."

डॉक्टरबाई वेळ आणि उत्तर लिहायच्या. नाही. नाही. माझं बोलणं मध्येच थांबायचं आणि मग मी पुन्हा सुरू करायचो. चौथ्यांदा नाही. पाचव्यांदा नाही. बाहेर उन्हं उतरली, कुणीतरी फरशी पुसून गेलं, लेकीच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं.

सहाव्या वेळी नर्सने टाचणी टोचली आणि तो लगेच बोलला नाही. त्याने भुवया आवळल्या, लांबून येणारी हाक ऐकावी तशा. नर्सने पुन्हा विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

डॉक्टरबाईंनी चष्मा खाली घेतला, घड्याळ पाहिलं, आणि वेळेपुढे लिहिलं: माहीत नाही. मग त्याच्याखाली रेघ मारली आणि नर्सला खूण केली, पुन्हा टोच.